सकाळी सातचा गेंडा

लंडनच्या इल्फर्डमधल्या आमच्या गल्लीत एक गृहस्थ रोज सकाळी सात वाजता गेंड्याला दूध पाजत असत. गृहस्थ इल्फर्डमध्ये, गेंडा दक्षिण आफ्रिकेत. मधल्या अंतराबद्दल त्या दोघांची काही तक्रार नव्हती. तक्रार माझी होती, कारण त्यांच्या आणि आमच्या घरांमधली भिंत एकच. ती विटांची आहे असं घर दाखवणाऱ्या एजंटने मला सांगितलं होतं. माझा संशय पापडावर आहे.

"पी गो बाय, पी. अर्धी बाटली ठेवायची नाय."

पहिल्यांदा हे कानावर आलं तेव्हा मी अंथरुणात ताडकन उठून बसलो आणि उशाशी ठेवलेलं तांब्याभर पाणी पिऊन टाकलं. आवाजात जरबच तशी होती.

हे सॅमसनकाका किहीमकर. नाव महाबलीचं, पण वजन छत्रीसकट तांदळाच्या एका पिशवीएवढं. वारा सुटला की ते गेट धरूनच गप्पा मारतात. मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या खिडकीत मेणबत्त्या लागतात आणि नारळाच्या दुधातल्या माशांचा वास पापडातून थेट आमच्या वरणभातावर येऊन बसतो. मी पुण्याचा. माझं खरं नाव त्यांनी एकदाही उच्चारलेलं नाही. मी नुसता "पुणेकर".

काकांनी जन्मभर लंडनची डबल डेकर चालवली. ते बसमधून उतरले, पण बस काही त्यांच्यातून उतरली नाही. जिना चढताना "होल्ड टाइट" म्हणतात. माझ्या गाडीत शेजारी बसले की सिग्नल दिसताच त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जातो, आणि मी शपथेवर सांगतो, गाडी थांबते. संकट कुठलंही असो, औषध एकच. "घाबरायचं कशाला? ब्रेक आपल्याच पायात असतो."

आता गेंडा यांना कुठे भेटला ते सांगतो.

काकांची नात तमारा एडिनबराला डॉक्टर आहे. मराठी जिद्दीने बोलते, आणि तिचं मराठी स्त्रीपुरुष समानता कडक पाळतं. "आजोबा, तू घरी बसून बसून सोफा झाली आहेस," असं म्हणून तिने आजोबांच्या सत्तरीला त्यांना आफ्रिकेतल्या एका अभयारण्यात धाडून दिलं, स्वयंसेवक म्हणून. स्वयंसेवक हा शब्द काकांनी नीट ऐकला नाही. त्यांना वाटलं, सहल. सूट, टाय, पॉलिश केलेले बूट आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन साहेब विमानातून उतरले. तिथल्या मुख्य बाई पेट्रा. उंची बसच्या खालच्या मजल्याइतकी, असं काका म्हणतात. बाईंनी काकांशी हस्तांदोलन केलं आणि त्याच हातात फावडं दिलं.

"शेण, पुणेकर," काका अजूनही हे भक्तिभावाने सांगतात. "एका गेंड्याच्या एका दिवसात अख्खं अलिबाग सारवून निघेल. वर थोडं रेवदंड्यालाही पाठवता येईल."

पहिल्या आठवड्यात म्हणे एक नर गेंडा त्यांच्या अंगावर धावून आला. बाकीचे स्वयंसेवक झाडांवर चढले. काका टाय सारखा करून जागच्या जागी उभे राहिले. "गेंडा म्हणजे काय रे? दिवे फुटलेली डबल डेकर. त्याला वळायला जागा लागते. मी ती दिली." गेंडा वळून गेला. जाताना त्याने हॉर्न दिला की नाही, याबद्दल काकांची विधानं दर वेळी वेगळी असतात.

पण बायची गोष्ट मात्र दर वेळी तीच असते, तिच्यात काका मिठाचा कणसुद्धा वाढवत नाहीत.

शिंगासाठी शिकाऱ्यांनी आई मारलेली, म्हणून गेंड्याचं एक पिल्लू तिथे आणलेलं होतं. दुधाला तोंड लावेना. पेट्राबाईंनी इंग्रजीत विनवलं, रखवालदारांनी झुलूत विनवलं, एका जर्मन स्वयंसेविकेने गाणं म्हटलं. पिल्लू भिंतीकडे तोंड करून उभं. काका शेजारच्या गोठ्यात फावडं मारत होते आणि फावड्याला, शेणाला, तमाराला आणि स्वतःच्या कमरेला मराठीतून शिव्या देत होते. पिल्लाचा एक कान वळला. मग दुसरा. मग ते अख्खं चालत आलं आणि काकांच्या सुटाला टेकून उभं राहिलं. काकांच्या हातात कोणीतरी बाटली दिली. "पी गो बाय," काका म्हणाले. बाय प्याली.

मग काका इल्फर्डला परत आले आणि बायने पुन्हा बाटली सोडली. पेट्राबाईंनी घाबरून व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पिल्लाच्या कानाशी धरला. तेव्हापासून आमच्या गल्लीचा हा सातचा गेंडा सुरू झाला. बर्फ पडो, बसचा संप होवो, सातला काका सुटात हजर. बाय सूट ओळखते, असं त्यांचं म्हणणं. दूध पाजून झालं तरी फोन बंद होत नसे. काल कोणती भाजी केली, ती कशी बिघडली, कौन्सिलने कचऱ्याचा दिवस पुन्हा कसा बदलला, सगळा वृत्तान्त बायला. डायनाकाकू गेल्यापासून काकांच्या घरात मराठी फक्त मसाल्याच्या डब्यांवर उरलंय, काकूंच्या अक्षरात. सिनेगॉगमधली मंडळी इंग्रजीत बोलतात. तमाराची पाच वाक्यं रविवारी होतात आणि सहाव्याला गाडी इंग्रजीवर जाते. मी आहे, पण मी सातला झोपलेला असतो. बाय मात्र सगळं ऐकून घ्यायची, मध्ये बोलायची नाही. एखाद्या पुणेकराकडून ही अपेक्षा करणं चूकच.

बाय वाढली. फोनच्या पडद्यात आधी तोंड मावायचं, मग नुसती नाकपुडी मावायला लागली. या वसंतात पेट्राबाईंचा फोन आला तेव्हा मी योगायोगाने काकांच्या स्वयंपाकघरात होतो, म्हणजे माशांच्या वासाने ओढला गेलो होतो. बाई म्हणाल्या, बायचं दूध सुटलंय, रविवारी तिला मोठ्या रानात सोडणार, इतर गेंड्यांमध्ये. आता तिला माणसाचा आवाज विसरायला हवा. शिकाऱ्यालाही माणसाचाच आवाज असतो आणि हाकेला धावत येणारा गेंडा रानात जगत नाही. पण सॅमसन, तुम्हाला एकदा निरोप घ्यायचा असेल तर शनिवारी सातला मी फोन धरीन.

काका थँक यू म्हणाले आणि कढईखालचा गॅस बंद केला. मासे कच्चेच होते.

शनिवारी मी गजर लावून उठलो. इतिहासात याची नोंद व्हावी. अंगणात काका सुटात, टाय बांधून. पडद्यावर बाय आली. आता ती खरोखर बसएवढी झाली होती. फोन दिसताच तिचे दोन्ही कान ताठ झाले आणि डिशसारखे इकडे फिरले. ती थांबली.

काका काहीच बोलले नाहीत.

मी बोलणार होतो. गप्प राहणं हे माझ्या रक्तात नाही. तोंड उघडलं तेवढ्यात काकांचा उजवा पाय माझ्या पायावर आला आणि त्यांनी तो दाबला, पूर्ण, थेट जमिनीपर्यंत. बायचे कान फिरत होते. शोधत होते. काकांचा एक हात स्वतःच्या तोंडावर होता. शेवटी बायने एक जोरदार फुस्कारा सोडला, ती वळली आणि गवत खायला लागली.

"शहाणी," काका म्हणाले, पण फोन बंद केल्यावर. मग माझ्या पायावरचा पाय उचलला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलिदा केला. पैगंबर एलियाहूंना केलेला नवस बेने इस्रायल मंडळी असा फेडतात, गूळ-खोबऱ्यात कालवलेले पोहे आणि वर फळं. बाय जगली तर, असा नवस त्यांनी फावडं हातात असतानाच बोलला होता. अख्खी गल्ली आली. तमारा एडिनबराहून आली आणि "गेंडा मोठा झाली" म्हणून रडली. इल्फर्डमधला शेवटचा नारळ त्या दिवशी संपला. मी पोह्यांच्या इतक्या वाट्या खाल्ल्या की गेटातून निघताना मलाच वळायला जागा लागत होती. काका सगळ्यांना वाढत होते, हसत होते, नर गेंड्याने हॉर्न दिला असं सांगत होते.

सोमवारी सकाळी माझा फोन वाजला. घड्याळात बघितलं, सात.

"उठलास काय रे?" काका भिंतीपलीकडूनही ऐकू येत होते आणि फोनमधूनही. "दूध घेतलंस?"

माझा दुधाशी संबंध चहापुरता, आणि सकाळी सातशी मुळीच नाही.

"घेतोय, काका," मी म्हणालो.

"सगळं पी. अर्धं ठेवायचं नाय. आणि ऐक, काल कौन्सिलने काय केलं..."

मी फोन कानाशी धरून उठलो, पातेलं काढलं आणि दूध तापत ठेवलं. मध्ये एकदाही बोललो नाही.