ऑइल बदल: दहा मिनिटं (निवडीचा वेळ वगळून)

सरपंच पाच वर्षांतून एकदा निवडावा लागतो. जावई आयुष्यात एकदाच (मुली दोन असल्या तर दोनदा). इंजिन ऑइल मात्र दर अडीच-तीन हजार किलोमीटरला निवडावं लागतं, आणि तेही रस्त्याच्या कडेला, उभ्याउभ्या. माणसाच्या विवेकाची याहून कठोर परीक्षा नाही. धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या 'झटपट ऑइल पॉइंट'चे मालक भूपेंद्र बिसेन यांनी ही गोष्ट वेळीच ओळखली आणि ग्राहकांसाठी सहा खुर्च्या ठेवल्या.

त्यातल्या तिसऱ्या खुर्चीवर बाजाराच्या दिवशी सकाळी दहा वाजता मनिराम कापगते बसले. त्यांचं गाव तिथून आठ किलोमीटर. गावात तलाव आहे, तो मनिरामच्या पणजोबांच्या पणजोबांनी बांधला, आणि हे ते ओळख झाल्यावर दुसऱ्या वाक्यात सांगतात. त्या दिवशी बारा वाजता तलावाच्या पाण्याची पाळी त्यांची होती. पंधरा दिवस पाऊस नव्हता, धान पोटरीत आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या होत्या, आणि बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. ही पाळी चुकली तर पुढची नऊ दिवसांनी, आणि पोटरीतलं धान नऊ दिवस थांबत नाही.

"पहिले पानी घ्या, मंग गाडीचं पाहा," असं शकुंतलाबाईंनी निघताना सांगितलं होतं. पण मोटारसायकल चार दिवसांपासून खडखडत होती आणि दुकानाच्या पाटीवर 'फक्त दहा मिनिटांत ऑइल बदल' असं लिहिलेलं होतं. दोन तासांत दहा मिनिटं बारा वेळा बसतात. मनिरामनी हिशेब करून बायकोला सांगितला. हिशेबात चूक नव्हती.

पाटीतही चूक नव्हती. 'दहा मिनिटांत' या शब्दांखाली बारीक अक्षरांत 'निवडीचा वेळ वगळून' असंही होतं.

झटपट ऑइल पॉइंटची कार्यपद्धती शास्त्रशुद्ध आहे. इतर दुकानांत आधी ऑइल निवडतात आणि मग जुनं काढतात. भूपेंद्रभाऊ आधी जुनं काढतात. (ज्याच्या इंजिनात ऑइल नाही तो ग्राहक शेजारच्या दुकानात भाव विचारायला जात नाही, असा त्यांचा सहा वर्षांचा अनुभव आहे.) मनिराम खुर्चीवर टेकेपर्यंत गाडीखालच्या घमेल्यात काळी धार लागली होती. मग भूपेंद्रभाऊंनी चौदा जातींचे डबे मांडलेली फळी दाखवली आणि एक छापील प्रश्नावली पुढे केली.

"काका, गाडी रेस में चलाते क्या?"

"बैलांच्या शंकरपटाले जातो ना. पाहाले."

भूपेंद्रभाऊंनी 'शर्यत: होय' अशी नोंद केली. किमान तापमान किती, या प्रश्नावर मनिराम म्हणाले, "पूसमंधी लय थंडी रायते बापा. शेकोटीबिगर होत नाही." नोंद झाली: 'अतिशीत'. गाडी कोरड्या, वाळवंटी भागात फिरते का, या प्रश्नाला मात्र मनिरामचा आवाज बारीक झाला. "बांधी पाहून या माही. सुकून रायली सारी," असं म्हणून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा झाले होते.

प्रश्नावलीनं निकाल दिला की ग्राहकाला बर्फाळ वाळवंटातल्या शर्यतीसाठीचं ऑइल लागेल. ते फळीवर नव्हतं. तेव्हा निवड खुली करण्यात आली.

खुली निवड म्हणजे जो दिसेल त्यानं सांगायचं. पुढच्या पाऊण तासात एकोणीस जणांनी मनिरामना मत दिलं. त्यांपैकी अकरा जण एसटीची वाट पाहत होते, चौघांकडे गाडी नव्हती, आणि एकाचं मत असं होतं की ऑइलची गरजच नसते, ही सगळी कंपन्यांची चाल आहे. (त्याची गाडी दोन महिन्यांपासून गॅरेजमध्ये आहे.) कोणाच्या साळ्यानं लाल डबा टाकला होता, कोणाच्या व्याह्यानं निळा. बहुमत लाल डब्याकडे झुकत होतं. गाडीत ऑइल ओततात त्या तोंडाचं झाकण एवढा वेळ भूपेंद्रभाऊंच्या हातात होतं. बोलताना ते त्यानं कान खाजवत होते.

शेवटी मनिरामनी लाल डबा हातात घेतला. बनवल्याची तारीख वाचली. दोनच महिन्यांपूर्वीची.

"हे तं नवं हाये."

"एकदम ताजा माल, काका."

मनिरामनी डबा परत ठेवला. पिढ्यान्पिढ्या धान पिकवणाऱ्या माणसाला कोणी शिकवायला लागत नाही, की नवा तांदूळ गच्च होतो, पोटाला जड पडतो आणि पाहुण्यांसमोर इज्जत घालवतो. जुना तांदूळ मोकळा फुलतो. "नवा तांदूळ आमी पाव्हन्याले देत नाही," ते म्हणाले, "मंग माह्या इंजिनले नवं ऑइल कायले देऊ? जुनं हाये का?"

भूपेंद्रभाऊंनी क्षणभर डोळे मिटले. मग ते आत गेले आणि माळ्यावरून एक खोकं घेऊन आले. मुदत संपून तीन वर्षं झालेला तो माल कंपनीला परत पाठवायचा राहून गेला होता. त्यांनी फुंकर मारून धूळ उडवली. "ये तो मैं सबको नहीं दिखाता, काका," ते म्हणाले, आणि यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मनिरामनी दोन थेंब तळहातावर घेतले, अंगठ्यानं चोळले, वास घेतला आणि मान हलवली. "हे पिकलं हाये."

त्यानंतर जे झालं त्याला गोरेगावच्या व्यापारी इतिहासात तोड नाही. एकोणीस मतदार एका दमात जुन्याकडे वळले. ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी आपापली ऑइलं काढून जुनं टाकायला सांगितलं. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनी डबा घरी नेऊन ठेवला, म्हणजे अजून पिकेल. प्रत्येक डबा मनिरामनी चोळून पास करायचा, असं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना 'साहेब' म्हणालं. ते सुख त्यांना फार झालं, इतकं की खिशातला फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा कुठे त्यांनी उचलला.

"कोठी हाव तुमी?" शकुंतलाबाई बांधावरून विचारत होत्या. "पानकर येऊन उभा हाये!"

"ऑइल निवडून रायलो. आलोच."

बारा वाजायला चार मिनिटं होती. ऑइल ओतायला चारच मिनिटं लागली, म्हणजे पाटीवरच्या वचनापेक्षा सहा मिनिटं कमी. आठ किलोमीटर गाडी हाणून मनिराम बांधावर पोचले तेव्हा पाणी पाटातून सळसळत शेजारच्या नंदलालच्या बांधीत चाललं होतं.

पाणकर पुनाराम म्हणजे गावानं पाणी वाटायला नेमलेला माणूस. तो खांद्यावर फावडं घेऊन शांत उभा होता. "मी का करू भाऊ? बाई सकायपासून हजर होती. पन पाळी तुह्या नावानं हाये, अन् ज्याच्या नावानं पाळी तो बांधावर पायजे. नेम तुह्याच आज्यानं केला."

हा नियम मनिराम दर वर्षी गावच्या सभेत अभिमानानं सांगतात. त्यांनी भेगाळलेल्या बांधीकडे पाहिलं. सव्वीस वर्षं त्या बांधीत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणारी बाई त्यांच्या शेजारी उभी होती, आणि पाणी वळवायचं तर तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

शकुंतलाबाई गाडीजवळ गेल्या. पदराच्या टोकानं त्यांनी ऑइल ओततात त्या तोंडाचं काळं झाकण पुसलं. दर दसऱ्याला गाडीची पूजा त्याच करतात, म्हणजे धुतात, पुसतात आणि हार घालतात. झाकणावर उठावदार अक्षरं होती.

"दहा डब्ल्यू तीस," त्यांनी वाचलं. "कंपनीनं लिवून देल्लं हाये इथी. हेच टाकाचं असते."

"तुले मालूम होतं?" मनिराम ओरडले. "मंग सांगतलं काऊन नाही?"

"मले इचारलं कोनं?"

मनिरामनी एकोणीस जणांना विचारलं होतं.

या प्रकरणातून काढलेला निष्कर्ष भूपेंद्रभाऊंनी अमलात आणला आहे. दुकानात आता बारा खुर्च्या आहेत, आणि पाटीवर 'येथे जुने ऑइल मिळेल' अशी ओळ वाढली आहे. मनिरामची बांधी एका कडेनं पिवळी पडली, मधून थोडी उभी आहे. वाचकांपैकी ज्यांना मनिरामचं हसू आलं असेल त्यांनी आपल्या गाडीच्या झाकणावर काय लिहिलंय ते आठवून पाहावं. आठवत नसेल तर कोणाला तरी फोन कराल, हे आम्ही जाणून आहोत. घरात जी गाडी पुसते तिला तेवढं विचारून पाहा. आणि तिचं नाव कुठल्या कागदावर आहे, तेही विचारा.