अर्धं लग्न, अर्धी वाडी

रविवारी दुपारी बांगड्याच्या तिखल्याचा पहिला घास भाईंच्या तोंडाजवळ पोचला होता, तेवढ्यात गंधार म्हणाला, "बाबा, परवा आमची पयली सही झाली."

"खंयची सही?"

"लग्नाची. म्हापशाक, रजिस्ट्रारच्या हापिसात."

घास परत ताटात गेला. लग्न वैशाखात होतं. पत्रिका छापून यायच्या होत्या. आणि हा पोरगा भातावर कालवण ओतता ओतता सही झाली म्हणून सांगत होता.

भाई म्हणजे ओरोसच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. जगातला प्रत्येक नियम आपल्याला पाठ आहे असा त्यांचा समज होता, आणि तो निवृत्तीनंतरही पेन्शनसारखा चालू राहिला होता. पण हा नियम त्यांच्या ऐकण्यातला नव्हता.

"गोयांत आधी सही, मगे लगीन," गंधारने समजावलं. तो पणजीत नोकरीला होता आणि त्याची होणारी बायको चारुता म्हापशाची. "पयली सही झाली काय मधी थोडे दिवस सोडतत. कोणाक हरकत घेवची आसली तर घेवक. मगे दुसरी सही. ती झाली काय कायद्यान लगीन लागला."

"म्हणजे आता तुझा लगीन झाला काय नाय?"

"अर्धा झाला."

"मगे हळद काय अर्ध्या अंगाक लावची?" गंधारच्या आईने, सुनीतीबाईंनी विचारलं.

गंधार हसला आणि हसण्याच्या भरात बोलून गेला, "आणि थंय लगीन झाला काय घोवाचा नि बायलेचा सगळा एक. दोघांचा अर्धा अर्धा. बरो कायदो ना?"

भाईंनी खिडकीतून वाडीकडे पाहिलं. वडिलांनी लावलेले माड, त्यांच्या सावलीतल्या पोफळी, विहिरीजवळचा फणस. ही वाडी आज त्यांच्या नावावर होती, पुढे गंधारच्या होणार होती, आणि त्यातली अर्धी एका सहीसरशी म्हापशाला चालली होती. चारुता मुलगी लाखात एक, त्याबद्दल भाईंचं काहीच म्हणणं नव्हतं. पण वाडी म्हणजे वाडी. त्या दिवशी त्यांनी बांगडा अर्धाच खाल्ला.

सोमवारी ते एसटीने ओरोसला गेले आणि चंदन वकिलांसमोर बसले. कचेरीच्या गावात पाऊल टाकलं की भाईंची मालवणी आपोआप बंद होत असे.

"वकीलसाहेब, नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा हिस्सा, हे कुठल्या कायद्यात बसतं?"

"आपल्या नाही बसत. गोव्यात बसतं. पोर्तुगीज गेले, कायदा राहिला."

"पण वाडी मालवणात आहे."

"वाडी मालवणात आहे, पण लग्न म्हापशात आहे. मुलगा राहतो कुठं?"

"सोमवार ते शुक्रवार पणजीत. शनिवार-रविवार मालवणात."

वकिलांनी कपाळ खाजवलं.

"म्हणजे शनिवार-रविवारी आपला कायदा लागू?" भाईंनी आशेने विचारलं.

वकिलांनी एक जाडं पुस्तक उघडलं, थोडा वेळ वाचलं आणि मिटलं. "भाई, यावर कोर्टात दोन्ही बाजूंनी छान बोलता येईल."

भाईंचं डोकं गरगरलं. आयुष्यभर त्यांनी लोकांना नियम सांगून गोंधळात टाकलं होतं, आज पहिल्यांदा ते टेबलाच्या अलीकडे बसले होते. शेवटी वकिलांनी एक वाट दाखवली. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्याकडे असा करार लग्नाआधी करता येतो. मात्र दुसऱ्या सहीच्या आत. एकदा ती झाली की काही उपयोग नाही.

करार ठीक, पण सोयऱ्यांना सांगायचं कुणी? तुमची मुलगी आम्हाला पाहिजे, तिचा हिस्सा नको, हे कुठल्या तोंडाने बोलणार? भाईंनी आडवळण घेतलं आणि गंधारला फोन लावला.

"ती दुसरी सही वायच फुडे ढकल. दिवस बरो नाय म्हणतत."

"खंयचो दिवस बाबा? अजून तारीखच गावाक नाय."

गंधारने हे भाबडेपणाने चारुताला सांगितलं आणि व्हायचं तेच झालं. संध्याकाळी सुनीतीबाईंचा फोन वाजला. पलीकडे चारुता रडत होती. "आई, बाबांक हांव पसंत ना काय? ते आतां हरकत घेतले काय?"

सुनीतीबाईंनी तिची समजूत घातली, फोन ठेवला आणि पदर खोचून भाईंसमोर उभ्या राहिल्या. "वाडी वाचवूच्या नादात तुमी झिलाचा लगीन मोडतलास. त्या चेडवाक रडयलास, शरम नाय वाटाक?"

भाईंना शरम वाटत होती. वाडीचीही काळजी वाटत होती. दोन्ही एकाच वेळी वाटल्याने ते ओसरीवर नुसतेच फेऱ्या मारत राहिले. तेवढ्यात चारुताचे वडील परशुरामबाब यांचा निरोप आला, की आयतारी, म्हणजे रविवारी, जेवायला या, एक गजाल करायची आहे, थोडं बोलायचं आहे. आता लग्न मोडल्याचं सांगायला बोलावतात की काय, या धास्तीने दोघं नवराबायको म्हापशाला गेली.

गंधार पणजीहून आधीच येऊन बसला होता. परशुरामबाबांच्या कपाळावर घाम होता. त्यांचे डोळे चुकवून भाईंनी घसा साफ केला. "परशुरामबाब, ता सहीचा म्हणशात तर..."

"पयलीं हांव उलयतां, भाई. वायट दिसूं नाका." आणि त्यांनी मान खाली घालून सांगितलं, की गोव्यात मुलीलाही मुलाइतकाच वाटा. हे घर, पेडण्यातली शेतं, काजूचा डोंगर, सगळ्यात चारुताचा हिस्सा आहे. दुसरी सही झाली की त्यातलं अर्धं गंधारचं होणार. घरातली माणसं कुरकुरतात. म्हणून आधी एक करार करून टाकू, ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्याकडे.

खरं म्हणजे भाईंनी तिथल्या तिथे देवाला नारळ बोलायला हवा होता. पण आपल्या खिशातले शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की ते फार झोंबतात. आमच्यावर यांचा विश्वास नाही? शिवाय काजूचा डोंगर त्यांच्या डोळ्यांपुढून काही केल्या हलेना.

"करार?" भाई ताठ बसले. "लगीन म्हणजे काय भाड्याची खोली, करार करूक? माझी हयात कायद्यात गेली. तुमच्या गोयांत अर्धा म्हणजे अर्धा. माझी वाडी पण त्यात इली. होवंदे दुसरी सही."

मग परशुरामबाबांनी उठून भाईंना मिठीच मारली. चारुता पाया पडली, गंधारचा ऊर भरून आला, आणि सोलकढीचा दुसरा पेला येईपर्यंत आपण फार मोठ्या मनाचे आहोत हे खुद्द भाईंनाही पटलं.

परतीच्या गाडीत गोव्याची हद्द ओलांडून बांदा आल्यावर भाईंनी पाय लांब केले. "इलव बाबा एकदाचे आपल्या राज्यात."

"हंय कायदो येगळो ना?"

"एकदम येगळो. हंय बायलेक अर्धा आपसूक गावणा नाय," भाई समाधानाने म्हणाले.

"चंदन वकिलान माका ताच सांगल्यान. मी मगाशी जेवल्यार फोन केलंय त्यांका. आपसूक गावणा नाय म्हणाले. हंय बक्षीसपत्र करूचा लागता."

भाईंनी पाय आखडून घेतले. "कोणाक?"

"माका." सुनीतीबाईंचा आवाज अगदी शांत होता. "जी सून अजून उंबऱ्याच्या आत येवक नाय, तिका तुमी जेवता जेवता अर्धी वाडी दिलास. बरा केलास, माका पण आवाडला. पण तुमची हयात कचेरीत गेली. त्या माडांक पाणी कोणी घातला? नारळांची सोडणा कोणी उचलली? त्याचा कायच नाय, ह्याचा माका वायट वाटता. वकील उद्या घराक येतत."

भाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, मग बायकोच्या हातांकडे पाहिलं.

"कितके वाजता येतत?" त्यांनी विचारलं.