दामूकाकांचा मुका लॅपटॉप

आमच्या शेजारचे दामूकाका म्हात्रे सकाळी पडवीत बसतात, डोळ्यांवर पंचा बांधतात आणि लॅपटॉप चालवतात. नागावात उतरलेले पर्यटक कुंपणापाशी थांबून बघतात. एका बाईंनी तर मला विचारलं, "हे भविष्य सांगतात का हो?"

भविष्यच म्हणा. काका लिनक्सवाले, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली वापरणारे. त्यांच्या लिनक्सची नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आधी तिची कच्ची प्रत जगभरचे हौशी लोक आपापल्या यंत्रावर चढवतात आणि काय मोडलं ते कळवतात. कारखान्यातून निवृत्त झालेले काका त्यातलेच. "पुढं पाणी किती हाय, ते कोणीतरी बुडून सांगाय पायजे ना?" असं म्हणून दरवेळी स्वतः बुडतात. चार जुने लॅपटॉप त्यांनी असे बुडवले. वैतागून काकूंनी एकावर पापड वाळत घातले, तर म्हणाले, "गरम होतोय ना? त्येवढं नोंदवतो."

पंचा कशाला? तर पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज नव्या आवृत्तीत येतो का, हे न बघता तपासायला. मागच्या आवृत्तीपासून तो आवाज गप्प झाला होता. काकांनी सतरा वेळा कळवलं. लिनक्स बनवणाऱ्यांचं उत्तर एकच: "आमच्याकडे येतो."

"त्यांच्याकडं येतो! मंग मी काय भैरा हाय?" काका समोरच्या माडाला विचारायचे.

या खेपेला मात्र त्यांची दशा बघवेना. जेवण सुटलं, दाढी वाढली. मी म्हणालो, "काका, तुमचे डोळे शाबूत आहेत. कशाला जिवाला लावून घेता?"

त्यांनी पंचा सोडला. "माणगावचा यशवंता. कारखान्यात माझ्या बाजूला होता. रिटायर झाला आणि डोळं गेलं त्याचं. मी त्याला बोलता लॅपटॉप बसवून दिला. रोज मेलवर भांडायचो आम्ही. मंग नवी आवृत्ती आली. मीच म्हटलं, 'होय' दाब. त्यानं दाबलं. आवाज गेला तो गेलाच."

"मग जुनी परत चढवायची."

"गेलो होतो की. हात लावू दिला न्हाय. म्हणाला, दाम्या, एकदा डोळं गेलं, एकदा हे गेलं. आता पुन्हा काय जायला नको. पक्कं झालं तरच ये."

"फोन तरी करता?"

"करतो. तो हं म्हणतो, मी हं म्हणतो. फोनवर आम्हाला भांडता येत न्हाय."

गुरुवारी नवी आवृत्ती बाहेर पडली. राहून गेलेल्या दोषांच्या यादीत तळाला एक ओळ होती: काही यंत्रांवर वाचनाचा आवाज येत नाही, पुढच्या आवृत्तीत पाहू. काकांनी ती मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावली. मग लॅपटॉप पुढ्यात ओढून टाइप करू लागले. मला वाटलं, अठरावी तक्रार. डोकावलो तर यशवंतरावांना मेल होता. आज जवळा छान आलाय, तू म्हणतोस तो तांदूळ शिजवला, अगदी बेचव, तुला भातातलं काय कळतं.

"पण काका, त्यांना हे ऐकू कुठं येणार?"

"म्हायती हाय." मान वर न करता ते म्हणाले, "सहा महिने झाले, रोज एक टाकतो. आवाज आला की सगळे एकदम ऐकंल. मधी मी गप्प बसलो होतो, असं वाटाय नको त्याला."