थोरल्यांचा सूर्य धाकट्यांच्या गच्चीवर

गरुडाक्षांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक, ज्यांना नुसतं दिसतं. आणि दुसरा प्रकार म्हणजे ते स्वतः. 'गरुडाक्ष' हे नावही त्यांनी आपलं आपणच ठेवून घेतलं होतं आणि कार्डावर त्याखाली 'गुप्त तपास, उघड निकाल' असं छापलं होतं. हे सगळं लोकांना ऐकवताना त्यांचा चष्मा कपाळावर असे आणि ते तो खिशात शोधत असत. चष्मा कुठे आहे ते सांगण्याचं काम मेहुण्याचं. हा मेहुणाच त्यांचा सहायक. दाजींना चारचौघांत खोटं पाडायचं नाही, अशी शपथ बहिणीने त्याला घातली होती, त्यामुळे बिचाऱ्याचा बराचसा काळ तोंडात मूग धरून जात असे.

ऐन थंडीत त्यांच्याकडे एक तक्रार आली. पूर्वेच्या समुद्रकाठी एक डोंगर होता, त्याचं नाक थेट पाण्यात घुसलेलं. डोंगराच्या उत्तरेला थोरल्या भावाचं घर, दक्षिणेला धाकट्याचं. दोन्ही घरांत पाहुणे उतरत, तेही सूर्योदय बघायला. मुलं शहरात नोकरीला लागल्यावर वडिलांनी ही दोन घरं बांधली. ते गेल्या उन्हाळ्यात गेले आणि भावांनी शहर सोडून एकेक घर हाती घेतलं. थोरल्यांच्या भिंतीवर वडिलांनी रंगवलेली लाकडी पाटी होती: 'सूर्य आधी इथे उगवतो.'

"आणि आता उगवत नाही," थोरले म्हणाले. "पाहुणे पहाटेपासून गच्चीत कुडकुडत बसतात. समोर नुसता काळा डोंगर. आणि पलीकडे धाकट्याच्या गच्चीत टाळ्या पडतात."

"कधीपासून?" गरुडाक्षांनी विचारलं.

"थंडी पडल्यापासून."

मेहुण्याने वहीत 'थंडीपासून' असं लिहिलं. गरुडाक्षांनी ते लगेच खोडायला लावलं, कारण त्यांच्या अनुभवानुसार गुन्ह्याचा हवामानाशी काही संबंध नसतो.

खरं दुखणं वेगळंच होतं. सूर्य आपल्याकडे येतो तर पाटीही आपलीच, असं धाकट्यांचं म्हणणं होतं आणि त्यावरून महिनाभर भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. थोरले म्हणाले, "पाटी बाबांनी माझ्या भिंतीवर ठोकली. काहीतरी विश्वास असेल म्हणूनच ना? ती काढली तर बाबा पुन्हा एकदा गेल्यासारखं होईल." बोलता बोलता त्यांचा आवाज दाटून आला. मेहुण्याला फार वाईट वाटलं. गरुडाक्षांनी मात्र तो आवाज पुरावा म्हणून नोंदवून घ्यायला सांगितलं.

तपास धाकट्यांच्या घरी सुरू झाला. धाकट्यांनी घड्याळं पुढे केली असणार, हा गरुडाक्षांचा पहिला कयास. घरातली पाचही घड्याळं एका टेबलावर मांडण्यात आली. पाचांची वेळ एक निघाली. बंद पडलेलं सहावं घड्याळ गरुडाक्षांच्या मनगटावर होतं. मग त्यांनी आरशाचा सिद्धांत मांडला. धाकट्यांनी गच्चीत मोठा आरसा लावून सूर्य अलीकडे वळवला आहे, असं त्यांचं म्हणणं. सबंध घर धुंडाळून दाढीचा एक आरसा सापडला, तोही तडकलेला.

"अहो, मी काय सूर्याला दोरी बांधून ओढून आणला?" धाकटे वैतागून म्हणाले.

गरुडाक्षांचे कान टवकारले. ते तडक मागच्या अंगणात गेले, तर तिथे खरोखरच एक लांबलचक दोरी बांधलेली होती. ती जप्त झाली. पुढच्या दाराकडे परतताना त्यांना दर्शनी भिंतीवर चार भोकं दिसली, चौकोनाच्या चार कोपऱ्यांत असावीत तशी. त्यांनी भोकांत करंगळी घालून जाहीर केलं की इथे गोळीबार झाला आहे आणि नेमबाज भूमितीचा जाणकार आहे. पाटीलाही चारच खिळे असल्याचं मेहुण्याला आठवलं. पण बहिणीची शपथ आठवून तो भोकांचं अंतर टिपत राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच थोरल्यांच्या गच्चीत निकाल ठेवला होता. दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे. गरुडाक्ष हातात दोरी घेऊन बोलायला उठले, आणि त्याच वेळी दोन्ही घरांच्या चादरी धुणाऱ्या मावशी जिना चढून आल्या.

"माझी वाळत घालायची दोरी कुणी सोडली?" त्यांनी विचारलं. मग खालच्या भिंतीकडे वाकून बघत म्हणाल्या, "आणि हे काय, पाटी अजून इथेच?"

कुणालाच काही कळेना. मावशींनी गाठोडं खाली ठेवलं. "थंडीत सूर्य दक्षिणेकडे सरकतो. मग इथे डोंगर आडवा येतो आणि पलीकडे ऊन आधी पडतं. उन्हाळ्यात उत्तरेला सरकला की उलट. म्हणून मी वर्षातून दोनदा दोरी हलवते. मी दोरी हलवली की तुमचे वडील पाटी खांद्यावर घेऊन निघायचे. सहा महिने इथे, सहा महिने तिथे."

"आम्हाला कधी दिसलं नाही," धाकटे म्हणाले.

"तुम्ही यायचा फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत. तेव्हा ती इथेच असायची. मी म्हटलं होतं त्यांना, दुसरी एक रंगवा आणि सुटा. तर म्हणाले, नको, एकच राहू दे. पोरांचं त्या निमित्ताने येणंजाणं राहील."

थोरल्यांनी डोळे पुसले, खाली गेले आणि खिळे उपटायला लागले. धाकट्यांनी न सांगता पाटी खालून धरली. डोंगराची वाट दोघांनी मिळून पार केली. पलीकडच्या भिंतीवर पाटी टेकवली तर गोळीबाराच्या चारही भोकांत चार खिळे अलगद बसले.

"जरा तुझ्या बाजूने वर घे," थोरले म्हणाले. महिन्याभरात भावाशी ते पहिल्यांदाच बोलत होते.

गरुडाक्षांनी घसा खाकरला. आपण हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, असं मेहुण्याला बजावून ते अहवाल सांगू लागले: "आरोपी, सूर्य. सध्या फरार. उन्हाळ्यात मूळ पत्त्यावर परतण्याची दाट शक्यता. आणि माझा चष्मा बघ रे कुठे आहे."

मेहुण्याने त्यांच्या कपाळाकडे बोट दाखवलं. मग वहीत मागे जाऊन, खोडलेल्या ओळीच्या वर त्याने 'थंडीपासून' हा शब्द पुन्हा नीट लिहिला.