दिवाणजींचं अर्धं भाडं

चहा पिऊन झाला की दिवाणजी खिशातली वही काढतात अन् त्या एका चहाचा खर्च दोन ठिकाणी मांडतात. थोडा तहानेवर, थोडा माझ्या संगतीवर. "आज गोष्टी जास्त झाल्या पांडू, रुपयातले दहा आणे तुयावर!"

आमच्या दर्यापूरच्या डाळ मिलमधे ते हिशेब लिहायचे, मी पोती वाहायचो. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण आजवर कोणापुढं हात पसरला नाही. आता दोघंही घरी. माझे गुडघे गेले, त्यांची बायको गेली.

मिलवर मालकाच्या पोरानं कॉम्प्युटर आणला तेव्हाची गोष्ट. त्यानं तुरीचा अन् भरडाईचा खर्च वजनावर वाटला. डाळ भरडताना निघणाऱ्या ढोरांच्या चुनीवर एवढा बोजा पडला, की कागदावर चुनी तोट्यात. पोरगा म्हणे, चुनी विकणंच बंद करा. दिवाणजींनी अख्ख्या तुरीचा दाणा त्याच्या टेबलावर ठेवला.

"यातली डाळ कोणती अन् चुनी कोणती, दाव बरं! भरडेपर्यंत दोघी एकच. चुनी बंद करून तुया कोणता खर्च वाचते? जिले भाव जास्त, तिनं भार जास्त उचलावा."

तीन दिवस हेच. पोरगा थकला, ऐकून ऐकून मीही थकलो. चुनी वाचली.

दिवाणजींची लेक अकोल्यात, जठारपेठेत दिलेली. महिन्यातून एकदा ते एसटीनं जात. वहीत अर्धं भाडं तिथल्या डोळ्याच्या डॉक्टरवर, अर्धं लेकीवर.

एकदा मी म्हटलं, "लेकीसाठीच जातो म्हणा ना सरळ."

"काम नसतानी बापानं लेकीच्या दारी बसू नये. जावई म्हणन, बुढ्याले घरी करमत नाही वाटते."

परवा गेलो तर वही उघडी टाकून बसलेले. डॉक्टरनं सांगितलं होतं, डोळा बरा झाला, आता येऊ नका. माणूस अशा वेळी पेढे वाटते. हे म्हणाले, "सगळं भाडं आता एकट्या लेकीवर पडते, पांडू. जाणं बंद."

"तुमी त्या मालकाच्या पोरासारखे बोलून राहिले."

दिवाणजींनी पेनाला टोपण लावलं.

मग मीच म्हटलं, "मले अकोल्याले चष्मा दुरुस्त कराचा आहे. एसटीची पायरी एकट्यानं चढवत नाही. तुमी सोबत चाला. अर्धं भाडं माया चष्म्यावर मांडा." मदत मागायची जन्मातली पहिली वेळ.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं अन् थांबले. "चष्म्याले काय झालं?"

"दांडी मोडली."

त्यांनी लिहून घेतलं.

घरी आलो. चांगल्या धडधाकट चष्म्याची दांडी मोडून ठेवली. दिवाणजींच्या वहीत खोटं चालत नाही.