वीतभर अंतराने

"न घडलेली गोष्ट माझ्या टाकातून उतरतच नाही," असं मॅन्युएलने इंग्रजी सहावीच्या वर्गात उभं राहून जाहीर केलं, तेव्हा सकाळचा पहिला तास चालू होता. दुपारच्या सुटीपर्यंत ही प्रतिज्ञा टिकली.

तशी ती करायला त्याला आधार होता. उत्तनच्या कोळीवाड्यातून रोज तंगडतोड करून तो भाईंदरच्या ज्ञानार्णव हायस्कुलात यायचा आणि गेली दोन वर्षं शाळेचं भित्तिपत्रक एकहाती चालवत होता. पिण्याच्या पिंपात बेडूक असल्याची बातमी देण्याआधी त्याने बेडूक हातात धरून खात्री केली होती. भूगोलाचे मास्तर वर्गात घोरतात हे लिहिण्याआधी त्याने दोन साक्षीदार मुद्दाम जागे ठेवले होते. अशा मुलाला शाळेच्या छापील वार्षिकाचा संपादक नेमलं यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं.

"या संपादक, बसा," त्या सुटीत हेडमास्तर आठल्ये सर म्हणाले. शाळेत त्याला अहोजाहो होण्याची ही पहिलीच वेळ. तो बसला, आणि तिथेच फसला.

"गेल्या खेपेला इन्स्पेक्टरसाहेब शेरा मारून गेलेत, वार्षिकात चालू सालच्या स्नेहसंमेलनाचा वृत्तांत नाही म्हणून. आता वार्षिकाचं प्रकाशन होतं ते संमेलनातच, रावसाहेब धुरींच्या हस्ते. आणि गिरगावचा छापखाना म्हणतोय, लढाईमुळे कागद नाही, खिळे जुळवणारी माणसं नाहीत, मजकूर महिनाभर आधी पाहिजे. तेव्हा संमेलनाचा वृत्तांत सोमवारी माझ्या टेबलावर."

"सर, संमेलन माघी पुनवेला आहे."

"तारीख मीच ठरवलीय."

"ते अजून झालेलं नाही, सर."

"म्हणून तर आत्ता लिहायचं. झाल्यावर काय, कोणीही लिहील! पाहून लिहितो तो कारकून. न पाहता लिहितो तो संपादक."

मॅन्युएलने रविवारभर डोकं खाजवलं. मग जुने वृत्तांत काढून पाहिले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ते सगळे सारखेच होते. हवा दरवर्षी आल्हाददायक, भाषण दरवर्षी ओघवतं, श्रोते दरवर्षी मंत्रमुग्ध आणि आभार मानून कार्यक्रम दरवर्षी निर्विघ्नपणे पार. जे दरवर्षी होतं ते आधी लिहिलं तर त्याला खोटं का म्हणायचं? भरती येणार असं म्हणणारा कोळी खोटारडा असतो का?

राहता राहिली एक मैलाची शर्यत. ती मिठागराच्या बांधावरून व्हायची, आणि तिचा निकाल शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. राई गावचा बाळाराम, मॅन्युएलचा जिवलग दोस्त, गेली तीन वर्षं पहिला येत होता. यंदा तर पहिल्या येणाऱ्याची मॅट्रिकची सगळी फी रावसाहेब भरणार होते. बाळारामचा बाप धर्मा रावसाहेबांच्याच मिठागरात राबायचा, आणि त्याने पोराला सांगून ठेवलं होतं, "फी भागली तं शाला. न्हाय भागली तं फावडा." तेव्हा मॅन्युएलने बिनधास्त लिहिलं: शर्यतीत बाळाराम पहिला.

आठल्ये सरांनी वृत्तांत वाचला. मान डोलावली. मग पेन्सिल काढली.

"बाळाराम पहिला, हे कशावरून?"

"सर, तोच येतो."

"येतो वेगळं, येणार वेगळं. अजून झालेलं नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. जे झालंच नाही त्यात कोणीही पहिला येऊ शकतो. मग रावसाहेबांचा पुतण्या भालचंद्र का नको? हा सगळा जाड कागद कुणी दिलाय?"

एकदा न झालेल्या शर्यतीत एकाला जिंकवल्यावर दुसऱ्याला जिंकवायला नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं? सरांनी नाव बदललं. मग शर्यत अगदीच मिळमिळीत वाटेल म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने एक वाक्य घातलं: 'बाळाराम हा अवघ्या वीतभर अंतराने दुसरा आला.'

"बघा, कशी चुरस आली!" सर म्हणाले. मजकूर गिरगावला गेला.

मॅन्युएल संध्याकाळी राईला गेला. बाळाराम खाडीच्या कडेने पळायचा सराव करत होता.

"बाळ्या, थांब. तू हरलायस."

"कंदी?"

"येत्या पुनवेला. वीतभराने."

बाळाराम धापा टाकत थांबला. "आन् जितला कोन?"

"भालचंद्र."

"भाल्या? अरं, तो जिना चढताना मधी बसतो! त्याच्यापुढं हरायचा म्हंजे मी काय पाय घरी ठेवून येव?"

"छापायला गेलंय रे."

"आन् माझी फी?"

पत्रकाराने कधी गप्प बसावं, हे मॅन्युएलला हळूहळू उमगायला लागलं होतं.

माघी पौर्णिमेला संमेलन भरलं. मैदानात मांडव, मांडवामागे मिठागराचा बांध, बांधापलीकडे खाडी. सगळ्यांना अंक आधीच वाटले होते, त्यामुळे पुढे काय होणार याची कुणालाच चिंता नव्हती. रावसाहेब अंकात बघून बोलत होते, लोक अंकात बघून ऐकत होते, आणि जिथे कंसात टाळ्या छापल्या होत्या तिथे टाळ्या पडत होत्या. एक म्हातारा चुकून एका ओळीआधी वाजवून बसला, तर शेजारच्याने त्याचा हात धरला.

तिकडे बांधावर शर्यत सुटली. भालचंद्र स्वभावाने गरीब मुलगा. त्याला जिंकायचं नव्हतं, पळायचं तर मुळीच नव्हतं. पण त्याच्यापुढे जायचं नाही असा सरांचा हुकूम असल्यामुळे बाकीची पोरं त्याच्यामागून देवाच्या पालखीसारखी निघाली. तो चालू लागला, पोरं चालू लागली. तो उभा राहिला, पोरं उभी राहिली. पाव मैलावर तो फतकल मारून बसला, तशी सगळी शर्यत बांधावर ओळीने बसली.

वृत्तांत लिहायला हजर राहणं आता गरजेचं नव्हतं, पण खोड जाईना म्हणून मॅन्युएल तिथेच उभा होता.

"ऊठ ना रे भाल्या," बाळाराम काकुळतीला आला. "तू जितल्याबिगर मना हरता येत न्हाय. ऊन चढतंय."

"तूच जा ना पुढे," भालचंद्र म्हणाला. "मी काकांना सांगतो."

"छापलंय न्!"

भरती चढत होती. पुनवेची भरती ती, उधाणाची. खाडीचं पाणी मिठागरात घेण्यासाठी बांधाला एक दार होतं, आणि ते एका जाड फळीने बंद केलेलं होतं. भालचंद्र शेवटी उठला, पण उठताना आधार म्हणून त्याने नेमकी तीच फळी धरली. भालचंद्राचं वजन एका बाजूने आणि अख्खी खाडी दुसऱ्या बाजूने, फळी बिचारी कुणाकुणाचं ऐकणार? ती निघाली. पाठोपाठ दाराजवळचा बांध ढासळला, आणि भालचंद्र पाण्यात दिसेनासा झाला.

पोरं ओरडत पळाली. बाळारामने उडी घेतली. गटांगळ्या खाणाऱ्या भालचंद्राला त्याने मानगुटीला धरून वर काढलं, पाठीवर टाकलं आणि फुटक्या बांधाच्या कडेने छातीभर पाण्यातून तो मैदानाकडे निघाला.

पाणी त्याच्या आधी पोचलं होतं. मांडवात ते पायाच्या घोट्याला लागलं, तेव्हा रावसाहेब "खाल्ल्या मिठाला जागा" या वाक्यावर होते, आणि त्यांच्या पाठीमागून त्यांच्याच मिठाच्या राशी वाहत चालल्या होत्या. ते वळून बघणार, तोच आठल्ये सर पुटपुटले, "रावसाहेब, वळून बघितल्याचं छापलेलं नाही." रावसाहेब बोलत राहिले. बायका उठायला लागल्या, तर सर गरजले, "बसून घ्या! पान अकरा बघा. 'श्रोते जागच्या जागी खिळून बसले होते.'" बायका पुन्हा पाण्यात बसल्या. मॅन्युएलची आई दूर उत्तनहून आली होती. तिने चपला मांडीवर घेतल्या आणि पान उलटलं.

तेवढ्यात बाळाराम समोर आला. त्याला काही दिसत नव्हतं. भालचंद्राचं डोकं त्याच्या खांद्यावरून पुढे लोंबत होतं. शर्यतीचा फीत बांधलेला शेवट मांडवाच्या तोंडाशीच होता. तो तसाच, ओझ्यासकट, फितीतून आत आला. फितीला आधी भालचंद्राचं कपाळ लागलं, मग बाळारामची हनुवटी.

आठल्ये सर गुडघाभर पाण्यात उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते वेगळं.

"वीतभर अंतराने!" ते म्हणाले. "मॅन्युएल, शब्दन् शब्द खरा ठरला!"

मॅन्युएल भिजल्या अंगाने पुढे झाला. "सर, त्याने भालचंद्राचा जीव वाचवलाय. फी त्याला मिळायला पाहिजे."

"कशातून वाचवलं?"

"पाण्यातून, सर. बांध फुटला."

सरांनी अंक उघडला, चष्मा पुसला, आणि अकरा-बारा ही दोन्ही पानं शांतपणे वाचून काढली. "बांध फुटल्याचा उल्लेख नाही. तुमचाच वृत्तांत आहे."

फी भालचंद्राची भरली गेली. बाळारामलाही रावसाहेबांनी मोकळं सोडलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्याला न फुटलेल्या बांधाच्या दुरुस्तीवर घेतलं.

त्या आठवड्यात मॅन्युएल धर्माकडे गेला. शर्यतीच्या दिवशी धर्मा मांडवात होता, गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याने सगळं बघितलं होतं. पण त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने मॅन्युएलकडून वृत्तांत वाचून घेतला. ऐकता ऐकता त्याचं तोंड कडू झालं.

"वीतभर," तो पोराला म्हणाला. "फक्त वीतभर! जरा जोर लावला असतास तं काय झिजला असतास?"

"बा, तू तिथंच व्हतास न्! भाल्या माझ्या पाठीवर व्हता!"

"मना लांबून काय दिसतंय? ह्ये काय लांबून लिवलंय व्हय?"

मॅन्युएलने अंक मिटला. त्या दिवशी त्याला धंद्याचं मर्म कळलं. लोकांना काय दिसलं याला महत्त्व नाही. त्यांना पहिल्यांदा ते कुठे वाचायला मिळालं, ते महत्त्वाचं.

पुढच्या वर्षी वृत्तांताचं काम पुन्हा त्याच्याकडेच आलं. एवढा अचूक संपादक शाळेला दुसरा कुठला मिळणार? यंदा त्याने कुणी न सांगता, पौषातच वृत्तांत दिला. त्यात अध्यक्षीय भाषणाच्या शेवटी होतं: 'बाळाराम या होतकरू विद्यार्थ्याची मॅट्रिकची फी आपण भरणार असल्याचे रावसाहेबांनी जाहीर करताच प्रचंड टाळ्या पडल्या.'

सरांनी भुवया चढवल्या. "असं रावसाहेब बोलतील?"

"छापल्यावर बोलावंच लागेल, सर. गेल्या साली भालचंद्राला जिंकावं लागलं तसं."

सरांनी त्याच्याकडे जरा भीतीने आणि जरा अभिमानाने बघितलं. मुलगा तयार झाला होता. मुद्रितं रावसाहेबांकडे गेली. स्वतःचं औदार्य त्यांनी छापील अक्षरांत दोनदा वाचलं. "मी असं म्हणालो?" त्यांनी विचारलं. "म्हणणार आहात," सर म्हणाले. रावसाहेबांनी सही केली. मॅन्युएल राईपर्यंत पळत गेला. बाळारामने फावडं बांधावरच टाकलं आणि दोघं तिथल्या तिथे नाचले.

अंक छापून आले आणि संमेलनाला आठवडा असताना रावसाहेब वारले.

"पुढे ढकलूया, सर," मॅन्युएल म्हणाला.

"तारीख छापलीय," सर म्हणाले. "अध्यक्षही छापलेत."

संमेलन झालं. अध्यक्षांच्या खुर्चीला हार घातला. प्रास्ताविक झाल्यावर सरांनी खुर्चीकडे हात करून भाषणाची विनंती केली. सगळ्यांनी पान नऊ उघडलं आणि भाषण मनातल्या मनात वाचलं. टाळ्या मात्र मोठ्याने वाजवल्या, कंसात होत्या तिथे तिथे. बाळारामच्या नावावर तर इतक्या पडल्या की धर्माने डोळे पुसले. घरी जाताना तो मॅन्युएलला म्हणाला, "यंदा रावसाब बोलला बरा. गेल्या टायमाला लय लांबवला व्हता."

जूनमध्ये शाळा उघडली. मॅन्युएल तोवर मॅट्रिक होऊन मुंबईच्या एका वर्तमानपत्रात चिकटला होता. तिथल्या संपादकांनी त्याचे दोन्ही वृत्तांत वाचले होते आणि दोन्हींत एकही चूक सापडली नव्हती. पहिल्या सुटीला तो पेढे घेऊन राईला आला, धर्माच्या ओट्यावर बसला, आणि तेवढ्यात बाळाराम शाळेतून परत आला. नवा सदरा, हातात दप्तर, चेहरा उतरलेला.

"घेतला न्हाय," तो म्हणाला. "हेडमास्तर बोलला, फी जाहीर झालीय, कोन न्हाय बोलतो? पन भरायची रावसाबांनी हाय. ते आले की तुझा नाव लावतो."

"खोटा बोलतोस!" धर्मा उठला. "शालेत जायचा कंटाला आलाय तुला. टाल्या पडल्या त्या काय खोट्या? ह्यो बघ, लिवनाराच बसलाय. सांग रं मॅन्युएल, रावसाब बोलला की न्हाय?"

बाळाराम मॅन्युएलकडे बघत होता.

मॅन्युएलने पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. "बोलले, काका," तो म्हणाला. "मीच लिहिलंय."

धर्माने कोनाड्यातला वार्षिक अंक काढला, त्याची गुंडाळी केली आणि पोराच्या पाठीत घातली. कागद जाड होता.