वाळेपर्यंत हलायचं नाही

आमच्या भूममधले दगडूआबा माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत, गुडघ्यावरून ओळखतात. समोरून कुणी आलं की नजर खाली. "डावा सुजलाय जणू," असं पुटपुटतात आणि मग वर बघून नाव विचारतात. सख्ख्या साडूलाही त्यांनी असंच नाव विचारलं होतं.

आबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. माझं औषधाचं दुकान त्यांच्या घरासमोर, हे माझं नशीब. सूज दिसली की निर्गुडीचा पाला वाटायचा, हळद घालायची आणि गरम लेप थापायचा, एवढंच त्यांचं वैद्यक. बरं, करा ना घरी. पण हे खलबत्ता घेऊन माझ्याच पायरीवर बसतात आणि गिऱ्हाइकाला अडवतात. "गोळी दुखणं झोपवती. पाला त्याला उठवून हाकलतो." गोळी घ्यायला आलेली माणसं हिरवे गुडघे घेऊन परत जातात. मी आतून जळतो, पण वडीलधाऱ्या माणसाला बोलणार काय?

लेपाचा नियम एकच, वाळेपर्यंत हलायचं नाही. त्यांच्या पुतण्याच्या लग्नात, मिरवणुकीत नाचताना नवरदेवाचा पाय मुरगळला. आबांनी तिथंच घोट्याला लेप थापला. मुहूर्त आला तरी लेप ओलाच. शेवटी नवरदेव खुर्चीत, पाय स्टुलावर आणि मामांनी अंतरपाट खुर्चीच्या उंचीवर धरलेला. नवरी मात्र उभी, त्यामुळे तिला वरून सगळं दिसत होतं. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि आबा घोट्यावर फुंकर घालत होते. लेपाला चिकटलेल्या अक्षता सप्तपदीपर्यंत निघाल्या नाहीत.

त्यांच्या बायकोचे, म्हणजे कौसाकाकूंचे गुडघे पार कामातून गेलेत. रोज दुपारी त्या ओसरीवर पाय पसरून बसतात आणि आबा लेप लावतात. पाल्यानं गुण आला, असं काकू गल्लीभर सांगतात. खरी गोष्ट मला माहीत होती. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या त्या माझ्याकडून हिंगाच्या डबीत भरून न्यायच्या. "ह्यांना कळलं तर लई जिवाला लागंल," म्हणायच्या. मला मनातून गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू?

गेल्या आठवड्यात काकूंचा गुडघा इतका सुजला की त्यांना उंबरा ओलांडवेना. दुसऱ्या दिवशी आबा दुकानात आले. पायरीवर नाही, थेट आत. काचेच्या काउंटरवर त्यांनी हिंगाची डबी ठेवली. तळाला एकच गोळी होती.

"ह्याच द्या. पर थोड्याच टाका. तिला वाटंल, शिल्लक होत्या. मला ठाव हाय म्हणून सांगू नगा."

"तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"दोन वर्सं झाली."

"मग रोज लेप कशाला, आबा?"

आबांनी पहिल्यांदाच माझ्या गुडघ्यावरची नजर काढून तोंडाकडे बघितलं.

"म्या जलमभर गाडीवर. ती घरात एकलीच. आता लेप वाळंस्तवर तरी माझ्यापाशी बसती. न्हायतर लगीच कामाला उठती."

इतकी वर्षं या माणसावर जळलो, याची मला लाज वाटली. मी डबीत गोळ्या टाकल्या, झाकण लावलं आणि त्यांच्या हातात देताना म्हणालो, "आबा, थर जरा जाड लावत जा. वाळायला जास्त वेळ लागतो."